वेड पांघरा आंब्याचं, चला पेडगावला!



'वेड पांघरून पेडगावला जाणे' हा वाक्प्रचार तुम्ही मराठीच्या पुस्तकात वाचला असेलच. परीक्षेत अर्थ विचारला, तर 'सगळं ठाऊक असूनही काहीच ठाऊक नसल्याचं सोंग करणे' असं लिहायचं आणि पूर्ण मार्क मिळवायचे. समजा, पातेल्यातला आमरस कुणी संपवला असं आईनं विचारलं, आणि ओठांवर पिवळीधमक मिशी मिरवत एखादा बंडू म्हणाला, 'कुठला आमरस?' तर हा बंडू पेडगावला निघालाय असं खुशाल समजावं!

श्रीगोंदा तालुक्यात भीमेच्या काठी बहादूरगडाचं पेडगाव आहे. आज आपण तिथं जाणार नाही. आपण जाणार आहोत परभणी जिल्ह्यातल्या पेडगावला. परभणीहून मानवत रोड, सेलूच्या दिशेनं रेल्वेनं निघालात, की हे पेडगाव लागतं. आजूबाजूला काळीभोर जमीन, कापूस, ज्वारी आणि तूर. मे महिन्यात या भागात पारा ४२-४३ अंशांवर सहज चढतो. दुपारी रस्त्यावर चिटपाखरूसुद्धा दिसत नाही. अशा उन्हात माणसाला गारवा द्यायला कोण येतं? कूलर येतो, माठ येतो, पण त्यांच्याही आधीपासून येत आलाय तो आपला आंबा. आधी हिरवा, मग पिवळा.

तेव्हा आज वेड पांघरायचंच असेल, तर ते आंब्याचं पांघरू या!

हिरवी करामत

थंडी सरता सरता आंब्याला मोहोर येतो. एकेका तुऱ्यात शेकडो, कधी हजारांवर फुलं असतात. त्यातली बहुतेक गळून जातात, काही वाऱ्यानं झडतात, काही कीड खाते. एका तुऱ्यावर पिकेपर्यंत टिकणारी फळं म्हणजे एखाद-दोन. म्हणून झाडाखाली पडलेली बारकी कैरी दिसली, तर तिला कमी लेखू नका. हजारांतून वर आलेली आहे ती!

कैरी आंबट का लागते? तिच्यात सायट्रिक आणि मॅलिक अशी आम्लं भरपूर असतात. लिंबात सायट्रिक आम्ल असतं आणि सफरचंदात मॅलिक. म्हणजे एका कैरीत लिंबू आणि सफरचंद या दोघांचीही आंबट बाजू आली म्हणा ना! शिवाय 'क' जीवनसत्त्व पिकलेल्या आंब्यापेक्षा कैरीत जास्त असतं.

आता पन्हं करू या. दोन मध्यम आकाराच्या कैऱ्या घ्या. त्या कुकरमध्ये उकडा. गावाकडं चूल पेटत असेल, तर विस्तवात भाजा. भाजलेल्या कैरीच्या पन्ह्याला जो धुरकट वास येतो, त्याला तोड नाही. (विस्तवाशी मोठ्या माणसांनीच जायचं बरं का!) कैऱ्या गार झाल्या, की साल काढून गर हातानं कुस्करा आणि चाळणीवर घासून घ्या. एक वाटी गराला दीड ते दोन वाट्या किसलेला गूळ, अर्धा चमचा मीठ आणि थोडी वेलचीपूड घाला. कैरी भाजलेली असेल, तर भाजलेल्या जिऱ्याची पूडही छान लागते. हे घट्ट मिश्रण बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. हवं तेव्हा पेल्यात दोन-तीन चमचे घालायचं, वर माठातलं पाणी, आणि ढवळून गट्टम!

पन्ह्यानं तरतरी का येते, माहीत आहे? घाम येतो तेव्हा अंगातलं नुसतं पाणी जात नाही, मीठही जातं. पन्ह्यात पाणी आहे, मीठ आहे आणि गुळाची साखरही आहे. आपल्या आतड्यात साखर आणि मीठ एकमेकांचा हात धरून आत शिरतात आणि पाण्यालाही बरोबर ओढून नेतात. जुलाब झाले, की डॉक्टर मीठ-साखर-पाणी देतात त्यामागं हेच गणित आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी आतड्याचं शास्त्र वाचलं नव्हतं, पण पन्ह्यात चिमूटभर मीठ घालायला त्या कधी विसरल्या नाहीत!

मात्र एक लक्षात ठेवा. पन्हं म्हणजे उष्माघातावरचं औषध नव्हे. उन्हात कुणाचं अंग खूप तापलं, चक्कर आली, तो असंबद्ध बोलू लागला, तर त्याला सावलीत आणायचं, ओल्या फडक्यानं अंग पुसायचं आणि लगेच डॉक्टरांना गाठायचं.

कैरीची करामत पन्ह्यावर थोडीच संपते? चैत्रातल्या हळदीकुंकवाला पन्ह्याच्या जोडीला आंबेडाळ हवीच. हरभऱ्याची डाळ चार तास भिजवून जाडसर वाटायची. तिच्यात किसलेली कैरी, मीठ, चवीपुरती साखर, खोबरं, कोथिंबीर, आणि वरून हिंग-मोहरी-हळद-लाल मिरचीची चुरचुरीत फोडणी. कैरी किसून गूळ, तिखट, मीठ घातलं आणि फोडणी दिली, की झाला तक्कू. परभणीकडच्या पांढऱ्याशुभ्र ज्वारीच्या भाकरीबरोबर तक्कू असला, तर भाजीची आठवणसुद्धा होत नाही. मेथीदाण्यांची फोडणी करून त्यात कैरीच्या फोडी आणि गूळ शिजवला, की मेथांबा. कैरीच्या फोडी कडक उन्हात वाळवल्या, की आंबोशी. ती डब्यात भरून ठेवली, की भर पावसाळ्यात आमटीला आंबटपणा द्यायला तयार.

आणि लोणचं? ते तर घरातलं मोठं कार्य! कैऱ्या धुऊन, पुसून, कोरड्या करून अडकित्त्यानं फोडायच्या. मोहरीची डाळ, मेथी, हळद, हिंग, तिखट, मीठ आणि वर गार केलेलं तेल. मराठवाड्यात करडई भरपूर, त्यामुळं कित्येक घरांत करडईचंच तेल असायचं. आता सांगा, एवढ्या उन्हाळ्यात भाजी संध्याकाळपर्यंत आंबते, आणि लोणचं मात्र वर्षभर कसं टिकतं? मीठ फोडीतलं पाणी बाहेर ओढून घेतं. त्या खारट-आंबट पाण्यात नासवणारे जंतू वाढू शकत नाहीत. वरचा तेलाचा थर हवा अडवतो. म्हणून बरणीत ओला चमचा घातला, की आजी ओरडते. तिचं ओरडणं अगदी शास्त्रशुद्ध असतं!

पिवळी करामत

आमच्याकडं कित्येक घरांत मोठी माणसं अक्षय्य तृतीयेपर्यंत पिका आंबा खात नाहीत. त्या दिवशी पाण्यानं भरलेल्या मातीच्या घटाबरोबर पितरांना आमरसाचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच आपण खायचा, अशी रीत. घाई केली नाही, की फळालाही पूर्ण भरायला वेळ मिळतो, हा या रीतीचा आणखी एक फायदा!

झाडावर एखादा आंबा आपोआप पिकून पडला, की 'पाड लागला' असं म्हणतात. पाड लागला म्हणजे बाकीची फळं उतरवायला हरकत नाही. उतरवलेले आंबे वाळलेल्या गवतात किंवा पेंढ्यात थराथरानं रचून ठेवायचे. हीच अढी. आठ-दहा दिवसांत खोलीभर घमघमाट सुटतो आणि घरातली लहान मंडळी त्या खोलीवरून उगाचच येरझाऱ्या घालू लागतात!

अढीत घडतं ते असं. पिकताना आंबा इथिलीन नावाचा वायू सोडतो. हा वायू शेजारच्या आंब्यांना जणू 'पिका रे, पिका' असा निरोप देतो. ते पिकू लागले, की तेही इथिलीन सोडतात. गवतामुळं ऊब टिकते आणि वायू लगेच उडून जात नाही. आंब्यातल्या पिठाची, म्हणजे स्टार्चची साखर होते, आंबटपणा उतरतो, हिरवा रंग जातो आणि पिवळा-केशरी रंग पुढं येतो. हा रंग कॅरोटीनचा. गाजरात असतं तेच हे. त्यापासून आपलं शरीर 'अ' जीवनसत्त्व तयार करतं आणि ते डोळ्यांना लागतं.

काही व्यापारी मात्र आठ दिवस थांबायला तयार नसतात. ते कॅल्शियम कार्बाइड वापरतात. त्यातून ॲसिटिलीन वायू निघतो. आंबा बाहेरून पिवळा होतो, पण आतून कच्चा राहू शकतो. शिवाय कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे विषारी अंश असू शकतात. म्हणूनच भारतात कार्बाइडनं फळं पिकवायला कायद्यानं बंदी आहे. ठरलेल्या प्रमाणात इथिलीन वायू देऊन पिकवायला परवानगी आहे, कारण तो फळाचा स्वतःचाच निरोप असतो.

आंबा खाण्याआधी आजी तो पाण्यात का टाकून ठेवते? देठाजवळच्या चिकासाठी. हा चीक ओठांना लागला, तर ओठ चुरचुरतात, कधी फोडही येतात. बिब्बा उतला की अंगावर जसं होतं, त्याचाच हा सौम्य प्रकार. कारण आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले! काजू, पिस्ता आणि चारोळीही त्याच कुळातली. म्हणजे श्रीखंडावर चारोळी पेरणं आणि आंब्याला त्यात घालून आम्रखंड करणं, हे एका अर्थी घरच्याच माणसांचं संमेलन!

आता आमरस. मिक्सर बाजूला ठेवा. आंबा दोन्ही तळव्यांत धरून हलक्या हातानं माचवायचा. देठ काढून पहिले एक-दोन थेंब टाकून द्यायचे आणि मग रस पिळायचा. साल आणि कोय थोड्या दुधात किंवा पाण्यात खळबळून घ्यायची, कारण तिथंच बराच रस चिकटलेला असतो. त्यावर साजूक तूप आणि चिमूटभर सुंठ किंवा मिरपूड. रसाबरोबर आमच्याकडं पोळी असतेच, पण तळलेल्या कुरडया आणि हातानं केलेल्या शेवयाही असतात. कुरडई रसात बुडवून, ती नरम पडायच्या आत कुडुमकन खायची. ज्यानं हे केलं नसेल, त्यानं या सुट्टीत करून पाहावंच!

कुठलं झाड कशासाठी?

मित्रांनो, इथवर मी 'कैरी' आणि 'आंबा' असे दोनच शब्द वापरले. पण गावाकडच्या आजोबांसमोर नुसतं 'आंबा' म्हणालात, तर ते विचारतील, 'कोणत्या झाडाचा?'

कारण गावरान आमराईत प्रत्येक झाडाला नाव असतं. ज्याचा गर खोबऱ्यासारखा टणक, तो खोबऱ्या. ज्याला शेपूच्या भाजीचा वास, तो शेप्या. शेंदरासारखा लाल, तो शेंदऱ्या. साखरेसारखा गोड, तो साखऱ्या. छोटासा गोल, तो गोटी. ही नावं कुठल्या पुस्तकातून आलेली नसतात. खाणाऱ्यांनीच ती ठेवलेली असतात. आणि प्रत्येकाचं कामही ठरलेलं. लोणच्याला जाड गराची, टणक फोडीची कैरी. पन्ह्याला खूप आंबट आणि गरदार. रसाला पातळ सालीचा, भरपूर रसाचा. रेषा जास्त असतील, तर तो कापायचा नाही, चोखायचा. म्हणजे आपण मघापासून जे जे पदार्थ पाहिले, त्या प्रत्येकाचं एक झाड होतं!

एकाच आमराईत इतके प्रकार कसे? याचं उत्तर कोयीत आहे. तुम्ही आईसारखे थोडे, बाबांसारखे थोडे, पण हुबेहूब कुणासारखेच नसता. आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांचंही तसंच. एका झाडाच्या मोहोरावर माश्या-किडे दुसऱ्या झाडाचे पराग आणतात. त्यातून तयार झालेल्या कोयीतून उगवणारं झाड आपल्या आईसारखं असेलच असं नाही. साखऱ्याची कोय लावली, तर आंबटढाण आंबाही येऊ शकतो आणि साखऱ्याहून गोडही! म्हणून कोयीचं प्रत्येक गावरान झाड जगात एकच. त्याचा जुळा भाऊ कुठंही नसतो.

हुबेहूब तसाच आंबा हवा असेल, तर मात्र कलम करावं लागतं. म्हणजे हव्या त्या झाडाची काडी दुसऱ्या रोपावर बांधायची. केसर आंब्याचंच पाहा. गुजरातेत जुनागढजवळ वंथली इथं १९३१ च्या सुमारास हा आंबा वाढवला गेला. त्याची कलमं गिरनारच्या पायथ्याशी लावली. १९३४ मध्ये जुनागढच्या नवाबांनी त्याच्या गराचा रंग पाहून त्याला 'केसर' नाव दिलं. आज तोच केसर मराठवाड्याच्या बागाबागांत आहे आणि 'मराठवाडा केसर' या नावानं त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठानं तर 'निरंजन' नावाची जात पुढं आणली. तिला भलत्याच मोसमात फळं येतात. हे विद्यापीठ १८ मे १९७२ ला सुरू झालं, अगदी ऐन आंब्याच्या दिवसांत!

कलमांच्या बागा हव्यातच. शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळतात आणि फळही लवकर लागतं. पण त्याच वेळी गावरान आमराया मात्र कमी होत चालल्या आहेत. वाटण्यांमध्ये शेतं लहान झाली, रस्ते रुंद झाले, लाकडाला भाव आला. जुनं झाड तोडायला एक दिवस पुरतो. केसरचं एक झाड पडलं, तर केसर संपत नाही, कारण त्याची लाखो भावंडं उभी आहेत. पण तुमच्या आजोबांच्या बांधावरचा शेप्या तोडला, तर ती चव जगातून कायमची जाते. कितीही पैसे दिले, तरी ती बाजारात मिळत नाही.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट कळत होती. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त आरमारासाठी लाकूड कसं आणावं, हे सांगितलं आहे. त्यात त्यांनी बजावलं आहे, की आंबा-फणसाची झाडं रयतेनं लेकरांसारखी वाढवलेली असतात, त्यांना हात लावू नये. एखादं झाड फारच जीर्ण झालं असेल, तरच धन्याला राजी करून, पैसे देऊन तोडावं. विचार करा, लढाऊ जहाजं बांधायची होती, तरीही आंब्याच्या झाडासाठी धन्याची मर्जी विचारायची!

या सुट्टीतलं काम

आता तुमच्यासाठी एक काम. नुसतं वाचून सोडून द्यायचं नाही हं!

पहिलं: एक वही करा. आजी-आजोबा, मामा-मामी, शेजारचे काका यांना विचारा, की त्यांच्या लहानपणी कोणकोणती आंब्याची झाडं होती? त्यांची नावं काय? कुठलं झाड कोणत्या पदार्थाला चांगलं? त्यातलं आज कोणतं उभं आहे? सगळं लिहून घ्या. शहरात राहणाऱ्यांनी फोनवर विचारावं.

दुसरं: एखादा गावरान आंबा आवडला, तर त्याची कोय फेकू नका. कोय फार दिवस जिवंत राहत नाही, म्हणून धुऊन लगेच पिशवीत किंवा कुंडीत लावा आणि माती ओलसर ठेवा. दोन-तीन आठवड्यांत तांबूस पानांचं देखणं रोप वर येतं. हे झाड नवं निघेल, त्याचं नाव तुम्ही ठेवायचं!

तिसरं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं: वहीतलं एखादं झाड म्हातारं झालं असेल किंवा तुटणार असेल, तर घरच्या मोठ्यांना सांगून जवळच्या रोपवाटिकेतल्या माणसाला दाखवा. आठ-पंधरा दिवसांच्या कोवळ्या रोपावर त्याची काडी बांधली, तर 'कोय कलम' होतं. जुलै-ऑगस्टची दमट हवा त्याला मानवते. म्हणजे झाड गेलं, तरी त्याची चव राहते. उत्तर प्रदेशात मलिहाबादला कलीमुल्ला खान यांनी तर एकाच झाडावर कलमं बांधून आंब्याच्या तीनशेच्या आसपास जाती वाढवल्या. त्यांना २००८ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्याला तीनशे नकोत, एक जमली तरी पुष्कळ!

आई-बाबांनो, तुम्हालाही दोन शब्द. मुलं हात बरबटून, कोपरापर्यंत रस गाळत आंबा चोखत असतील, तर या सुट्टीत त्यांना ओरडू नका. कपडे धुता येतात. ज्या चवीची ओळखच झाली नाही, ती वाचवायला मात्र कुणी धावत नाही.

तर मग मित्रांनो, वहीत किती नावं जमली ते आम्हाला पत्रानं जरूर कळवा. झाडाचं नाव, गावाचं नाव आणि त्या आंब्याची चव, एवढं लिहायला विसरू नका. आणि पुढच्या आठवड्यात आम्ही विचारलं, 'काय रे, लावलीस का कोय?' तर 'कुठली कोय?' म्हणत पेडगावला पळून जायचं नाही!